घोंगडीखालचा भाव

१

जुन्या गाडीचं मोल करायला कुणी बोलावलं, की सयाजी आधी गाडीकडं बघायचाच नाही. मालकाशी पाऊसपाण्याचं बोलत बोलत तो जवळ जायचा आणि सहज टेकल्यासारखा उजवा तळवा इंजिनावर ठेवायचा. इंजिन गार असेल तर पुढचं बोलणं. कोमट लागलं, तर तिथंच त्याच्या मनातला भाव निम्म्यावर यायचा. विकणाऱ्यांची ती जुनी चाल होती. गार इंजिन वीस किका मारल्या तरी दाद देत नसलं, की गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी कशीबशी चालू करून तापवून ठेवायची. मग गिऱ्हाइकासमोर एका किकेत सुरू. गिऱ्हाईक खूश, आणि आठवड्याभरात गाडी गॅरेजात.

"माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतात. लोखंडाला ते जमत न्हाई," असं तो म्हणायचा.

फौजेच्या वर्कशॉपात सतरा वर्षं काढून तो रहिमतपूरला परतला होता. एसटी स्टँडमागं त्याचं गॅरेज होतं. वाईपासून विट्यापर्यंतची माणसं त्याला सोबत घेऊन जुन्या गाड्या बघायला जात. तो एकदाच आकडा सांगायचा आणि त्यावर दोन्हीकडची माणसं मान डोलवायची. एकदा तर स्वतःचीच गाडी विकताना त्यानं चेसीचा जोड गिऱ्हाइकाला आपणहून दाखवला आणि चांगला सौदा घालवला. बायको मनुबाई तेव्हा होती. तिनं कपाळाला हात लावला, पण त्या दिवशी तिनं भाकरीवर लोणी जरा जास्तच घातलं होतं, हे त्याच्या लक्षात राहिलं होतं.

मनुबाईला जाऊन चार वर्षं झाली. आता घरात तो आणि एकुलती एक लेक शिवांजली. तिचं लग्न वैशाखात ठरलं होतं. मुलगा पृथ्वीराज, कराडचा, सांगलीला पंपांच्या कारखान्यात इंजिनियर. देणंघेणं काही नाही, माणसं साधी. सुपारी फुटल्यापासून शिवांजली घरात काम करता करता गुणगुणायची. आई गेल्यापासून त्या घरात गुणगुणणं राहिलंच नव्हतं. ते ऐकायला सयाजी कधी कधी गॅरेजातून उगीच घरी येऊन जायचा.

पृथ्वीराजला खूळ एकच, जुन्या मोटारसायकलींचं. कवठे महांकाळच्या पलीकडं एका वस्तीवर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली बीएसए मोटारसायकल धूळ खात पडली आहे, असं त्याला कुठूनसं कळलं आणि तो होणाऱ्या सासऱ्याच्या मागंच लागला. मामा, तुम्ही हो म्हणालात तरच घेतो, नाही म्हणालात तर नाव काढणार नाही, असा त्याचा शब्द होता.

निघताना शिवांजलीनं भाकरीचं फडकं हातात दिलं आणि खाली बघत म्हणाली, "आबा, जुनी हाय म्हणून भुलू नका. ब्रेक बघा, चाकं बघा. त्यांना वेगाचं भान ऱ्हात न्हाई."

"बरं," सयाजी म्हणाला. आपण कशाला बरं म्हणतोय, ते त्याला चांगलं कळत होतं.

२

एकोणीसशे चौऱ्याण्णवचा फेब्रुवारी होता. सयाजी पॅसेंजरनं सांगलीला उतरला आणि तिथून पृथ्वीराजच्या स्कूटरवर मागं बसला. मिरज मागं पडलं तसा ऊसही मागं पडला. मग काढणीला आलेली ज्वारी, मग तीही विरळ, आणि शेवटी नुसता मुरमाड माळ नि बाभळी. डांबरी रस्ता सोडून फाट्यावरून वर चढलं, की माळाच्या माथ्यावर एकच घर. दगडी, वर मातीचं धाबं.

घरमालक केरबा ऐंशीच्या पुढचा असावा. सगळा जन्म बैलबाजारात दलाली केलेला माणूस. पटका पांढरा, पाठ ताठ. त्यानं पृथ्वीराजला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सयाजीला विचारलं, "जावई व्हय?"

"व्हायचाय. वैशाखात."

"दात मोजून घेतलासा न्हवं? मागनं तक्रार चालत न्हाई."

पृथ्वीराज मोकळेपणानं हसला. केरबाची बायको भामाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती, तीही पदराआड हसली. सयाजीला बरं वाटलं. माणसं चांगली होती.

गाडी कडब्याच्या खोलीत होती. दार उत्तरेला आणि इतकं ठेंगणं, की वाकूनच आत जावं लागलं. बाहेर उन्हाचा तडाखा होता, आत मात्र माठातल्यासारखा गारवा. केरबानं गाडीवरची काळी घोंगडी ओढली. धूळ उडाली, खाली बसली, आणि गाडी दिसली. पुढचं चाक धरणारा चिमटा जुन्या पद्धतीचा, टाकीवरचा फौजी रंग पोपडे धरलेला, सीटचं कातडं उंदरांनी खाल्लेलं. दोन्ही टायर विरून रिमा जमिनीला टेकल्या होत्या. आऱ्यांमध्ये कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घर केलं होतं. पृथ्वीराज देवळात आल्यासारखा गप्प उभा राहिला.

गाडी आपली नव्हे, थोरल्या भावाची, बिराप्पाची, असं केरबानं सांगितलं. दोघं भाऊ मिळून बाजार करत. बहात्तरच्या दुष्काळापासून चाकं हललेली नाहीत.

"बिराप्पा आता कुठं असत्यात?" सयाजीनं विचारलं.

"हाय की," केरबा म्हणाला, आणि दारातल्या कोंबडीला हाकलायला वळला.

सयाजीनं सवयीनं गाडीकडं न बघता तळवा इंजिनावर टेकला.

इंजिन गरम होतं.

३

चटका बसावा इतकं नाही. दोन-तीन मैलांवरून येऊन गाडी लावावी, मालकानं हातपाय धुऊन चहा घ्यावा, इतक्या वेळानं असतं तितकं. सयाजीनं हात काढला नाही. हात काढला तर चेहरा बदलेल असं त्याला वाटलं.

मग त्यानं दुसरा हात टाकीवर ठेवला. गार. चिमटा गार, मडगार्ड गार, भिंतीचा दगड तर थंडगार. ऊन या खोलीत कधी येतच नसणार. नुसतं इंजिनच उबदार होतं, कुशीत घेतलेल्या जनावराच्या पोटासारखं.

त्यानं मनाला समजावलं. चाळीस वर्षं हत्यारं धरून तळवा निबर झालाय. स्कूटरवर उन्हात दोन तास आलोय, आपलाच हात तापला असेल. त्यानं हात दगडाला लावून चांगला गार केला आणि पुन्हा ठेवला. गरम.

मग तो कामाला लागला. काम सुरू केलं की त्याचं डोकं ठिकाणावर यायचं. त्यानं टाकीचं झाकण उघडून नाक लावलं. पेट्रोलचा वास नाही, आत नुसता गंजाचा भुगा. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं, तेही जुनं, दगडासारखं झालेलं. यातून धूर गेला असता तर ते घर उरलं नसतं. किकवर त्यानं हातानं जोर दिला. ती तसूभरही हलली नाही. आतला पिस्टन कधीच जाम झाला होता. बारीकसारीक सगळं तपासून त्याचा कौल पक्का झाला. ही गाडी वीस वर्षांत चालू झालेली नाही. चालू होऊच शकत नाही.

आणि इंजिन गरम होतं. मालक खोटा, असं म्हणावं, तर खोटं बोलायला इथं गाडीच चालत नव्हती.

पाणी प्यायचं निमित्त करून तो बाहेर ओट्यावर आला. भामाबाईनं तांब्या दिला. सयाजीनं हसत, चेष्टेत विचारल्यासारखं विचारलं, की म्हातारबा मधूनअधून गाडी चालू करून बघत असतील, न्हवं का.

भामाबाईच्या हातातली शेंग हातातच राहिली. "चालू झाल्याली म्या कवाच ऐकली न्हाई," ती म्हणाली. "पर थांबल्याली ऐकू येती. कवा कवा. दारात येऊन बंद केल्यागत."

तिनं शेंग फोडली आणि दाणे सुपात टाकले. तिच्या बोलण्यात भीती नव्हती. शेजारणीच्या सवयीविषयी बोलावं तसं ती बोलली होती, आणि त्यामुळंच सयाजीनं पाणी न पिताच तांब्या खाली ठेवला.

तो परत खोलीत गेला. पृथ्वीराज गुडघे टेकून कोळिष्टकं काढत होता. केरबा दारापाशी उकिडवा बसला होता. कुणीच बोलत नव्हतं. त्या शांततेत सयाजीला एक बारीक आवाज आला. टिक्. थोड्या वेळानं पुन्हा, टिक्. तापलेलं इंजिन बंद केलं, की निवताना लोखंड आक्रसतं आणि असा आवाज करतं. जन्मभर हजार वेळा त्यानं तो ऐकला होता. दिवसभराच्या रपेटीनंतर गाडी लावून तिच्याशेजारी बिडी ओढत बसावं, आणि तिनं हळूहळू असं बोलत गप्प व्हावं. त्याला आवडणारा आवाज होता तो.

"मामा, पाल चुकचुकतेय कुठंतरी," पृथ्वीराज म्हणाला.

४

काय म्हणता मामा, घ्यायची का? पृथ्वीराजच्या डोळ्यांत दिवाळी होती. एखादा भाग बाद निघाला तरी कारखान्यातल्या लेथवर बनवता येईल, रंग मूळचाच ठेवायचा, आणि पहिली फेरी कराडच्या संगमापर्यंत, शिवांजलीला मागं बसवून. तो बोलत राहिला, आणि शेवटचं वाक्य ऐकून सयाजीला लेकीचं निघतानाचं बोलणं आठवलं.

नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं की हा विचारणार, का. इंजिन गरम आहे म्हणून, असं सांगायचं? शिकल्यासवरलेला पोरगा, तोंडावर हसणार नाही, पण घरी आईजवळ बोलेल की सासरे आता थकले.

तेव्हा सयाजी आयुष्यात पहिल्यांदा लोखंडाविषयी खोटं बोलला. "इंजिनाच्या केसिंगला तडा हाय," तो म्हणाला. "खालच्या अंगाला. टिकायची न्हाई."

पृथ्वीराजनं खिशातली बॅटरी काढली, आडवा झाला, तिथं पडलेल्या जुन्या धोतराच्या चिंधीनं तेलकट भाग पुसून काढला आणि बोटानं सावकाश चाचपला. बराच वेळ चाचपला. सयाजी भिंतीकडं बघत होता. माणूस आपली लाज जिथं लपवायला बघतो, तिथंच नेमकी दुसऱ्याची बॅटरी पोचते.

"तडा नाही, मामा," तो उठून कपडे झटकत म्हणाला. आवाजात राग नव्हता, नवलच होतं. "मी घेऊ नये असं वाटत असेल तर तसं सांगा. मी शब्द दिलाय. पण खरं कारण सांगा."

गाडीचं इंजिन अजून एकदा टिक् म्हणालं.

"कारण काय न्हाई," सयाजी म्हणाला. "म्हाताऱ्यासंगं आधी भावाचं बोलू द्या. तुमी भाईर थांबा."

त्याला एक वाट सुचली होती. भाव इतका पाडून मागायचा, की म्हाताऱ्याला अपमान वाटावा. त्यानं चिडून दोघांना वस्तीवरून हाकलून द्यावं. पोरगा हळहळेल, चार दिवसांत विसरेल. कुणाचा शब्द मोडणार नाही आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही.

५

भाव तोंडानं होणार नाही, असं केरबा म्हणाला. उभा जन्म घोंगडीखाली सौदे केले, आता शेवटाला रीत कशाला मोडायची.

सयाजीला ती रीत ठाऊक होती. लहानपणी बापाच्या धोतराला धरून तो बैलबाजारात हिंडला होता. भोवती चार माणसं उभी असतात, त्यांना भाव कळू नये म्हणून घेणारा नि देणारा कापडाखाली हात घालतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा म्हणजे पाच. पसंत नसलं की हात झटकायचा. पटलं की पंजात पंजा घालून दाबायचं. मग सौदा पक्का, बाप आडवा आला तरी मोडायचा नाही. त्यात एकच नियम. हात घालायच्या आधी माप तोंडानं बोलायचं, शेकडा का हजार. बाप म्हणायचा, आकडा हाताचा, माप तोंडाचं.

केरबानं घोंगडी गाडीच्या टाकीवर आणि सीटवर नीट पसरली. तो दाराच्या बाजूला होता, सयाजी गाडीच्या पलीकडं. दारातला उजेड म्हाताऱ्याच्या पाठीमागून येत होता, त्यामुळं त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"घाला हात," केरबा म्हणाला.

सयाजीच्या डोक्यात एकच घोळत होतं. शंभर. एवढ्या गाडीला शंभर रुपये म्हणजे थोबाडीत मारल्यासारखंच. तो शेकडा म्हणायचा विसरला. बाहेरून पृथ्वीराजची शीळ ऐकू येत होती, त्या नादात त्यानं हात आत घातला.

घोंगडीखाली ऊब होती. तिथं दुसरा हात लगेच आला, जणू आधीपासूनच वाट बघत होता. मोठा, खरखरीत, जडशीळ. त्यानं सयाजीची चार बोटं धरली. सयाजीनं हात झटकला आणि त्या हाताचं एकच बोट घट्ट धरलं. एक.

आता म्हातारा शिवी देणार म्हणून तो थांबला. घोंगडीखालचा हात स्थिर राहिला. मग सावकाश वळला, सयाजीच्या पंजात पंजा घातला आणि दाबला. हाडं वाजतील असा.

त्याच वेळी काडी ओढल्याचा आवाज आला.

सयाजीनं वर बघितलं. केरबाच्या ओठांत बिडी होती. एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात पेटती काडी. काडीच्या उजेडात त्याचे दोन्ही हात नीट दिसत होते, वाळलेले, बारीक, म्हाताऱ्याचे हात. आणि घोंगडीखाली सयाजीचा पंजा अजून कुणाच्या तरी पंजात होता.

मग ती पकड ढिली झाली. एकेक बोट करून.

६

सयाजीनं हात बाहेर काढला. बोटांना काळं वंगण लागलं होतं, ताजं. आधी त्यानं वाकून गाडीच्या मागच्या चाकापलीकडं बघितलं. मागं भिंत होती, मांजर मावेल एवढीही जागा नव्हती. घोंगडी उचलली, खाली फाटकं सीट आणि टाकी.

"झालं व्हय?" केरबानं धूर सोडत विचारलं.

ते 'झालं' बाहेर ओट्यावर पोचलं. पृथ्वीराजनं आनंदानं हाळी दिली, मामा, फाट्यावरनं टेम्पो घेऊन येतो, आणि स्कूटरला किक मारली. सयाजी थांब म्हणेपर्यंत स्कूटर उताराला लागलीही.

"तुमी हात घातलाच न्हवता," सयाजी म्हणाला.

"म्या कशाला घालू? गाडी थोरल्याची. भाव त्योच करतो." केरबानं सहज विचारलं, "कितीवर मिटलं?"

"एक."

"एक काय?"

सयाजीनं आपल्या बोटांकडं बघितलं. केरबाची बिडी ओठांपासून बोटभर अंतरावर थांबली. "माप बोलला न्हाईसा आधी?" त्यानं विचारलं, आणि पहिल्यांदा त्याच्या आवाजातला बाजारी तोरा उतरला. "पाव्हणं, ह्यो काय घोळ करून ठिवलासा? माप न्हाई बोललं तर मग त्याच्या मनाचं माप. मागं खालतीकडचा एकजण आला हुता. त्येनंबी असंच न बोलता हात दिला. तीन बोटं धरली हुती. घरात माणसं चार. गाडी हितंच टाकून पळाला, तरी एकच उरलं."

सौदा मोडतो, गाडी इथंच ठेवतो, असं सयाजी म्हणाला. केरबानं मान हलवली. गाडी न्या, न्हाईतर ठेवा. पंजा दिलाय.

सयाजी अडाणी नव्हता. भुताखेतांच्या गोष्टींवर तो फौजेतही हसायचा. एका म्हाताऱ्याच्या बडबडीला भ्यायला नको, एवढं त्याला कळत होतं. पण बोटांवरचं वंगण सुकत नव्हतं, आणि उतारावरून स्कूटरचा आवाज लांब लांब जात होता. एक. त्याच्या जिवाची माणसं होती किती? एक रहिमतपूरला घरात गुणगुणत असणार. दुसरा या उतारावर होता, आणि त्याला वेगाचं भान नव्हतं.

दोनच. दोनातलं एक.

मग त्याच्या ध्यानात आलं, की मोजताना आपण स्वतःला धरलंच नाही.

त्यानं घोंगडी पुन्हा टाकीवर पसरली. हात आत घातला आणि मोठ्यानं, बाजारात बोलावं तसं बोलला, "माप वरीस. माझ्या आयुष्यातलं. दुसऱ्या कुणाचं न्हाई. आता बोला."

तो हात आला. सयाजीनं त्याचं एक बोट धरलं. त्या हातानं झटकलं.

सयाजीनं दोन धरली. पुन्हा झटका. तीन धरली.

खाली उतारावर स्कूटरचा आवाज तुटला. हळू झाला नाही, लांब गेला नाही, मधेच तुटला. त्याजागी जड ट्रकचा भोंगा वाजला, लांबलचक, आणि तो वाजतच राहिला.

सयाजीनं भाव करणं सोडलं. त्यानं आपला पंजा उघडला आणि उताणा ठेवला. बाजारात असा हात कुणी ठेवत नाही. बैलासंगं दावंच काय, घरही गमावायला तयार असलेला माणूसच असा हात ठेवतो. तुम्ही सांगाल ते.

त्या हातानं त्याचा सगळा पंजा धरला. पाच. सोडला आणि पुन्हा धरला. सयाजीनं डोळे मिटले आणि मोजत राहिला. केरबा तोंड फिरवून दाराबाहेर बघत होता; दुसऱ्याच्या सौद्यात डोकावू नये, ही रीत त्यानं तेवढ्यातही पाळली. किती वेळ गेला ते सयाजीला कळलं नाही. शेवटी पंजात पंजा आला आणि दाबला गेला, या खेपेला हलकाच, एखाद्या थोरल्यानं धाकट्याचा हात धरावा तसा.

उतारावर स्कूटर दोनदा फुरफुरली आणि चालू झाली.

७

टेम्पो घेऊन पृथ्वीराज परत आला तेव्हा त्याच्या शर्टाला धूळ लागली होती आणि तो जरा जास्तच बोलत होता. फाट्याच्या वळणावर स्कूटर एकाएकी बंद पडली, अगदी रस्त्याच्या मधोमध, समोरून खडीचा ट्रक. किक लागेना, पाय हलेना. मग ट्रकवाल्यानं कशी कोण जाणे कड घेतली, आणि हातभर अंतरावरून निघून गेला. सांगून झाल्यावर तो हसला, पण ओट्यावर बसून तो दोन तांबे पाणी प्याला. घरी सांगू नका, एवढं त्यानं मामांकडून कबूल करून घेतलं.

टेम्पोबरोबरच्या दोघांना धरून चौघांनी गाडी टेम्पोत चढवली. केरबानं पैसे घेतले नाहीत. पैशाचं बोलणं झालंच नव्हतं, असं तो म्हणाला, आणि पृथ्वीराजला वाटलं की मामांनी आपल्या नकळत आधीच मिटवलं. स्कूटरही टेम्पोतच टाकली. भामाबाईनं सयाजीच्या हातावर गूळ ठेवला आणि त्याच्या तोंडाकडं न बघता आत गेली.

मिरज जवळ आलं. ऊस पुन्हा सुरू झाला तसा पृथ्वीराजला धीर आला. टेम्पोच्या पुढच्या बाकावर दोघं खेटून बसले होते.

"मामा, आता तरी सांगा. कितीला ठरली?"

"परवडली," सयाजी म्हणाला.

"म्हणजे किती?"

"मोल बरोबर झालं. एवढं पुरं की तुमाला."

पृथ्वीराज हसला. मामांनी तडा आहे म्हटलं तेव्हा आपण जरा फटकळ बोललो, मनात धरू नका, असंही तो म्हणाला. सयाजीनं त्याच्या गुडघ्यावर थोपटलं आणि हात तिथंच राहू दिला. पोरगा उबदार होता, जिवंत होता, खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यानं त्याचे केस उडत होते. शिवांजली आज घरी गुणगुणेल. उद्याही. सयाजीनं घोंगडीखाली मोजलेली वर्षं आपल्या उरल्या आयुष्यातून वजा करून बघितली, आणि हाती थोडे दिवसच उरले.

"जावईबापू, वैशाख लय लांब हाय," तो म्हणाला. "तुमच्या आईला इचारा. ह्याच महिन्यातला एखादा मुहूर्त निघतो का बघा."

"एवढी कसली घाई, मामा?"

सांगलीच्या पुलावर गर्दी होती. टेम्पो हळू झाला, थांबला, निघाला, पुन्हा थांबला.

"आठ दिसातला बघा," सयाजी म्हणाला.